खान्देशातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात राहून संशोधन उभं करता येईल का?

गिरणाकाठ:
नमस्कार मंडळी. जळगाव जिल्ह्यातल्या एका विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात मी मेकॅनिकल शिकवतो. एम.ई. झालंय, नोकरीला आठेक वर्षं झाली. परवा प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की येत्या सत्रापासून कॉलेजचा संशोधन कक्ष तुमच्याकडे. प्रत्येक संस्थेत असा कक्ष असावा म्हणून यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हापासून आमच्याकडे तो आहे, पण त्याला पूर्णवेळ लक्ष देणारा माणूस नव्हता.

मला हे काम मनापासून हवं आहे. अडचण अशी की माझी स्वतःचीच पीएचडी व्हायची आहे. लेक्चर-प्रॅक्टिकलचा भरगच्च वर्कलोड, वर मेंटॉरिंग, एनबीए मानांकनाच्या फायली, आणि मे-जूनमध्ये ॲडमिशनसाठी बारावीच्या मुलांच्या घरोघरी जाणं. यातून पीएचडी नोकरी सांभाळून करावी की सोडून? आणि जो स्वतः अजून विद्यार्थी आहे त्यानं बाकीच्या चाळीस शिक्षकांना संशोधनाला कसं लावायचं?

विषय डोक्यात पक्का आहे. केळीच्या खोडापासून धागा काढायचं यंत्र. रावेर-यावलकडे घड उतरवल्यावर खोडांचे ढीग बांधावर पडलेले असतात, ते बघतच मोठा झालो. पण हा विषय संशोधनाचा होईल की नुसत्या बी.ई. प्रोजेक्टचा, तेही सांगा. ज्यांनी हे केलंय किंवा करून सोडलंय, दोघांचंही ऐकायचं आहे.

भुसावळ जंक्शन:
मी करून सोडलेल्यांपैकी. सहा वर्षं तिकडंच शिकवलं, आता पुण्यात एका कंपनीच्या डिझाइन विभागात आहे.

भाऊ, स्पष्ट लिहितो. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) निकषात एका प्राध्यापकामागे दोन सहयोगी आणि सहा सहायक असा संवर्ग धरलेला आहे. तू आत्ता सहायक. पुढच्या पायरीसाठी २०१९ च्या नियमांनुसार पीएचडी हवी, आठ वर्षांचा अनुभव हवा, त्यातली किमान दोन वर्षं पीएचडीनंतरची हवीत, शिवाय मान्यताप्राप्त जर्नलांत सहा शोधनिबंध. हे सगळं केलंस आणि तरी कॉलेजनं सहयोगीचा पगार दिला नाही, तर? मुलांच्या फीपोटी येणारे शिष्यवृत्तीचे पैसे शासनाकडून उशिरा आले की आमचा पगार थांबायचा. सलग काही महिने थांबला तेव्हा मुलीच्या शाळेची फी कशी भरायची हा प्रश्न होता. संशोधनाला डोकं शांत लागतं.

तुझी आवड खरी असेल तर सरळ नोकरी सोडून गेटची परीक्षा दे आणि पूर्णवेळ पीएचडीला जा. १ जानेवारी २०२३ पासून संशोधकाची सुरुवातीची फेलोशिप (जेआरएफ) महिना ३७,००० आणि पुढची (एसआरएफ) ४२,००० झाली आहे, घरभाडं वेगळं. आपल्याकडच्या कित्येक सहायक प्राध्यापकांच्या हातात एवढं पडत नाही. माझं म्हणणं तुला कडू लागेल, पण तुझ्या घरच्यांचाही विचार कर.

पांझरा:
धुळ्याहून लिहितोय. सिव्हिल शिकवण्यात हयात गेली, आता निवृत्त. भुसावळकरांनी लिहिलेलं खोटं नाही. पगार अडकलेल्या माणसाला संशोधनाचा उपदेश करू नये, हे मीही मानतो. पण गिरणाकाठ, तुमचा पगार होत असेल तर पुढं वाचा.

पहिलं, नोकरी सांभाळून पीएचडी. यूजीसीचे २०२२ चे पीएचडी नियम नीट वाचा. अर्धवेळ उमेदवाराला कॉलेजकडून ना-हरकत पत्र लागतं आणि त्या पत्रात काय असावं तेही नियमात लिहिलेलं आहे: अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळं केलं जाईल. बहुतेक जण एका ओळीचं पत्र घेऊन येतात आणि नंतर रडतात. तुम्ही हे पूर्ण शब्दांत घ्या. सही करणाऱ्यालाही मग कळतं की आपण काय कबूल करतोय. मुदत किमान तीन वर्षं, कमाल सहा, पुढं दोन वर्षांपर्यंत वाढ मिळू शकते.

क्यूआयपीची, म्हणजे शिक्षकांच्या गुणवत्तावाढीच्या योजनेची, वाटही बघा. एआयसीटीईची ही योजना १९७० पासून आहे. कॉलेज शिक्षकाला प्रायोजित करतं आणि तो आयआयटीसारख्या ठिकाणी पूर्णवेळ पीएचडी करून परत येतो. विनाअनुदानित कॉलेजात पगारी रजेवर गाडी अडते, हे खरं. तरी लेखी विचारा. लेखी विचारलेल्या गोष्टीला लेखी उत्तर द्यावं लागतं.

आता नेतृत्वाचं. माझ्या नोकरीत मी संशोधन प्रमुख म्हणून नेमलेली बरीच माणसं पाहिली. त्यातल्या बहुतेकांनी एकच काम केलं, महिन्याच्या शेवटी सगळ्यांना मेल: किती पेपर झाले ते कळवा. ज्या एका माणसानं खरंच काही उभं केलं, त्यानं पहिल्या वर्षी एकही पेपर मागितला नाही. त्यानं टाइमटेबल समितीत बसून संशोधन करणाऱ्या चार शिक्षकांचा बुधवार दुपारनंतरचा वेळ मोकळा करून घेतला आणि तो वर्षभर कोणालाही मोडू दिला नाही. ॲडमिशनच्या कामाला नाही, तपासणी समितीच्या तयारीला नाही. त्याच्या हातात अधिकार असा काहीच नव्हता, फक्त रोज प्राचार्यांच्या केबिनबाहेर थांबायची तयारी होती. दुसऱ्या वर्षी त्यानं विभागाची मटेरियल टेस्टिंग लॅब बाहेरच्या कामाला खुली केली. काँक्रीटचे क्यूब, सळया, रस्त्याची खडी यांच्या चाचण्यांसाठी ठेकेदार नाशिकला जायचे, ते आमच्याकडे येऊ लागले. त्या पैशातला ठरलेला वाटा लॅबसाठीच राहील असा ठराव त्यानं आधी करून घेतला होता. तिसऱ्या वर्षी त्या पैशातून एक यंत्र आलं आणि मग पेपर आपोआप आले. त्या माणसाचीही तेव्हा पीएचडी झालेली नव्हती.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं. इतरांचा वेळ राखणं, पैसा आणणं आणि विषयाला चिकटून राहणं, या तिन्हीला पदवी लागत नाही. पीएचडीचं मार्गदर्शन करायला लागते, ते नंतर.

एक विषयांतर. १९९० साली जळगावचं विद्यापीठ झालं, त्याआधी खान्देशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली होती. पण धुळ्यात त्याच्याही कितीतरी आधी, १९२७ मध्ये, राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. इतिहासाचार्य राजवाडे गेले १९२६ च्या डिसेंबरात, धुळ्यातच. विद्यापीठाची सावली नसताना गावातल्या लोकांनी त्यांचं दप्तर जपलं, मंडळ चालवलं. आपल्या भागात संशोधन होत नाही असं कोणी म्हटलं की मला ते मंडळ आठवतं.

गिरणाकाठ:
सर, तुमच्या पोस्टची प्रिंट काढून ठेवली. बुधवारची कल्पना उद्याच मांडतो.
भुसावळ जंक्शन, कडू नाही लागलं. पगार सध्या होतोय, पण मागं थांबला होता, त्यामुळे तुम्ही काय म्हणता ते पुरतं कळतं. आई-वडील गावी आहेत, शेती आहे, पूर्ण सोडून जाणं आत्ता जमणार नाही.

रावेरची बाग:
राम राम. मी मास्तर नाही, केळीवाला. पोरानं ही चर्चा दाखवली म्हणून लिहून राह्यलो, चुकलं तर सांगा.

खोडाचं यंत्र करू म्हणून आमच्याकडे पोरं येतात. फोटो काढतात, एखादं खोड गाडीत टाकून नेतात, मंग कोनी परत येत नाही. तुमी यंत्र करायच्या आंधी बागेतली गोष्ट समजून घ्या, भाऊ.

घड उतरवला म्हणजे खोड लगेच कचरा झालं असं नसतं. जो पिलबाग ठेवतो, म्हंजे बुडातल्या पिलावरच पुढचं पीक घेतो, तो आईचं खोड काही दिवस उभं राहू देतो. त्यातलं पाणी आन् अन्न खाली पिलाले भेटतं. लगेच कापून नेलं तर पील मागं पडतं. मंग मी तुमाले खोड कशाले देऊ? ज्याले बाग मोडायचीच आहे तो लगेच देईल. म्हणजे तुमाले खोड भेटायचा हंगाम वेगळा, मृगबाग (पावसाच्या तोंडी लावलेली) आन् कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली) दोन्हीचं गणित वेगळं. मे-जूनच्या वादळात बागा आडव्या होतात तवा मात्र एकाच आठवड्यात इतकी खोडं पडतात की शेत मोकळं करायलेच मजूर भेटत नाही. त्या टायमाले यंत्र दारात आलं तर लोक हात जोडतील.

दुसरं, रोगाचं. एका बागेतून दुसऱ्या बागेत यंत्र गेलं तर माती संगं जाते. मररोगाची भीती आता सगळ्याईले आहे. व्हायरसची झाडं आमी उपटून टाकतो. तुमचं यंत्र धुवून कसं निघंल ते आंधी सांगा.

तिसरं, मजुरी. खोड तोडणं, फाडणं, यंत्रात घालणं, धागा वाळवणं याले किती मानसं लागतील? माह्या चुलतभावानं यंत्र आणलं होतं, दोन मानसं दिवसभर राबून जो धागा निघायचा त्यात त्यांची मजुरी सुटत नव्हती. यंत्र शेडात पडून आहे. पाहायचं असंल तर या.

मुंबईतला खान्देशी:
रावेरच्या दादांनी जे लिहिलं त्याला संशोधनात समस्येची मांडणी म्हणतात, आणि ती फार थोड्या प्रस्तावांत इतकी स्वच्छ असते. मी चोपडा तालुक्यातला, नैसर्गिक तंतूंवर काम करतो, म्हणून थोडं भर घालतो.

गिरणाकाठ, नवीन यंत्र काढायच्या आधी जुनं वाचा. नवसारी कृषी विद्यापीठानं भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या प्रकल्पाखाली केळीच्या खोडावर मोठं काम केलेलं आहे. धागा, खोडाच्या रसापासून द्रवरूप खत, उरलेल्या चोथ्यापासून गांडूळखत, हे सगळं. त्रिचीला राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र आहे. नवसारी तर तुमच्यापासून एका रेल्वेच्या अंतरावर. आधी तिथं जाऊन चार दिवस बसा.

आता उरलेला प्रश्न. ताज्या खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. टनभर खोडातून कोरडा धागा साधारण दहा किलोच्या आसपास निघतो, अनेकदा त्याहूनही कमी. म्हणजे खोड कारखान्यात नेणं हे मुख्यतः पाण्याची वाहतूक करणं आहे, आणि म्हणूनच खोड बाहेर नेणारे उद्योग तोट्यात जातात. यंत्र शेतात जायला हवं. प्रचलित यंत्रात बोथट पात्यांचा फिरता ड्रम आणि त्याच्यासमोर एक पट्टी असते. माणूस पापुद्रा अर्धा आत सरकवतो, मागं ओढतो, उलटा करून दुसरं टोक सरकवतो. त्यामुळे वेग माणसाच्या हातावर ठरतो आणि ते हात ड्रमच्या जवळ असतात. दादांच्या चुलतभावाची मजुरी इथंच बुडाली. शिवाय बाहेरच्या पापुद्र्याचा धागा जाडाभरडा, आतल्याचा मऊ. दोन्ही एकत्र बांधले की खरेदीदार भाव पाडतो.

तर पीएचडीचा प्रश्न असा होऊ शकतो: पापुद्र्याची जाडी आणि ओलावा बदलेल तसं ड्रम आणि पट्टीमधलं अंतर, फेऱ्यांचा वेग आणि धाग्याची ताकद यांचं नातं काय, आणि हात आत न घालता पापुद्रा आपोआप सरकवायची रचना त्या नात्यावरून करता येते का. यात यंत्ररचनाही आहे, पदार्थविज्ञानही आहे, प्रयोगांची आखणीही आहे. परीक्षकाला पटेल आणि दादांनाही उपयोगी पडेल. बी.ई. प्रोजेक्टमध्ये हे संपणार नाही, पण चार-पाच प्रोजेक्ट यात सामावतील.

धाग्याची सूक्ष्मदर्शकाखालची चित्रं, एक्सआरडी (क्ष-किरणांनी आतली रचना तपासणं) वगैरेसाठी स्वतःचं यंत्र घ्यायची गरज नाही. आयआयटी मुंबईत सैफ नावाची उपकरणांची सामाईक सुविधा आहे, बाहेरच्यांचे नमुने शुल्क घेऊन तपासून देतात. आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली अशी उपकरणं सापडतात.

सातपुड्याची लेक:
मी शहादा तालुक्यातली. इंजिनिअरिंग कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, म्हणजे प्रथम वर्षाच्या अप्लाइड सायन्स विभागात. या चर्चेत सगळे मेकॅनिकल-सिव्हिलवाले आहेत म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. आमच्याकडे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सच्या शिक्षकांना प्रथम वर्षाची मुलं सांभाळणारे एवढंच समजलं जातं. संशोधन कक्षाच्या बैठकीलासुद्धा बोलावत नाहीत. गिरणाकाठ सर, तुमच्या कक्षात आमच्यासारख्यांना पहिल्या दिवसापासून घ्या. केळीच्या धाग्याला चिकटलेला डिंक कसा काढायचा, रसाचे डाग का पडतात, हे प्रश्न केमिस्ट्रीचे आहेत. तुमच्या कॉलेजातल्या केमिस्ट्रीच्या मॅडम कदाचित अशाच कामाची वाट बघत असतील.

माझा विषय ठिबकच्या ड्रिपरमध्ये साचणारा क्षार. जळगावचं नाव ठिबकनं जगभर गेलं, पण कडक पाण्याच्या पट्ट्यात नळ्या दोन-तीन हंगामांत चोंदतात. उन्हात काळी नळी तापली की आतल्या पाण्यातून कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडायला मदतच होते. शेतकरी ॲसिड सोडतात, पण किती आणि कधी ते अंदाजानं. मी तेच मोजते. हा विषय मला कोणी दिला नाही. वडिलांच्या शेतातली नळी कापून बघितली होती.

गाइड निवडण्याबद्दल. शोधगंगेवर (पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर) जाऊन गाइडच्या जुन्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडा. नोंदणी कधी, सादर कधी, किती जणांचे विषय एकमेकांची नक्कल आहेत, सगळं कळतं. २०२२ च्या नियमानं प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा आणि सहायकाला चार एवढेच विद्यार्थी घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. हे आधी विचारून घ्या. माझ्या ओळखीतल्या एकीची मधल्या काळात गाइड बदलण्यात दोन वर्षं गेली.

मुलींसाठी: महिलांना मुदतीत आणखी दोन वर्षांची सवलत आहे, आणि पूर्ण कालावधीत एकदा २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा मिळते. ही रजा मी घेतली. मागताना गाइडच्या चेहऱ्यावर नाराजी दिसली, पण नियमाचं पान समोर ठेवलं आणि विषय तिथं संपला. कुटुंबामुळे खंड पडलेल्यांनी केंद्राच्या, महिला संशोधकांसाठीच्या वाइज-किरण योजना जरूर बघाव्यात. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या शासनाच्या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप आहेत, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

आणि एक सगळ्यांनाच. आपण खान्देशी लोक डोळे मिटून पुण्या-मुंबईकडे बघतो. नंदुरबारहून सुरतेचं एनआयटी किती जवळ आहे! तापीच्याच काठावर, थेट रेल्वे. शिरपूर-धुळ्याहून इंदूरचं आयआयटी आग्रा रोडनं सरळ. सह-मार्गदर्शक तिकडचा घ्यायचा विचार का करत नाही?

अनेर:
ताईंच्या पोस्टला शंभर वेळा अनुमोदन.

एक विचारायचं होतं. मला रोज फोन येतात, अमुक रुपये भरा, पंधरा दिवसांत आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये पेपर. आमच्या विभागातल्या काहींनी दिलेत. यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादी बंद झाली म्हणतात, मग आता कुठलंही चालतं का? माझं कोर्सवर्क संपलंय, पेपरशिवाय प्रबंध घेतील का ही धास्ती आहे.

पांझरा:
अनेर, फोन ठेवून द्या आणि तो नंबर ब्लॉक करा.

केअर यादी २०१९ पासून होती, ती आता बंद झाली हे बरोबर. त्याचा अर्थ कुठलंही जर्नल चालतं असा नाही. चांगलं-वाईट पारखायची जबाबदारी आता संस्थेवर आणि तुमच्यावर आली आहे. प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही देशभरची सक्ती २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम मात्र तपासा, तो वेगळा असू शकतो. म्हणजे घाईनं पैसे भरायचं कारणच उरत नाही.

विकत घेतलेला पेपर पुढं कसा बाधतो तेही सांगतो. एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्राच्या शिक्षणसंस्थांच्या, २०२५ च्या क्रमवारीत मागे घेतलेल्या शोधनिबंधांसाठी गुण कापायला सुरुवात झाली. आज संख्येसाठी पाठीवर थाप मारणारी संस्था उद्या त्याच पेपरसाठी तुम्हाला जाब विचारेल. नाव तुमचं छापलेलं असतं, आणि ते पुसता येत नाही. मला या एका गोष्टीचा मनस्वी राग येतो, कारण यात हुशार पोरं नासताना मी पाहिली आहेत. ज्या प्रमुखाला आपली माणसं प्रिय आहेत त्यानं पहिल्या बैठकीत सांगावं की वर्षभर एकही पेपर नाही झाला तरी चालेल, विकतचा चालणार नाही. गिरणाकाठ, हे वाक्य तुम्ही बोला. प्राचार्यांसमोर बोला.

गिरणाकाठ:
बोलेन सर.

उन्हाळा ४५:
इलेक्ट्रिकल, धुळे जिल्हा. नेतृत्व वगैरे मोठे शब्द मला वापरता येत नाहीत, आम्ही काय केलं ते सांगतो. कदाचित गिरणाकाठ यांना उपयोग होईल.

आमचं गाऱ्हाणं असं होतं की बी.ई. प्रोजेक्ट दरवर्षी शून्यापासून सुरू होतात. जुलैत विषय, एप्रिलमध्ये स्पायरल बाइंडिंग, मेमध्ये मॉडेल कपाटावर. पुढच्या बॅचला मागच्यांनी काय केलं याचा पत्ता नसतो. तीन वेगवेगळ्या कॉलेजांतले आम्ही चौघं एकत्र आलो आणि ठरवलं की विषय एकच धरायचा, बॅच बदलल्या तरी तो बदलायचा नाही.

विषय सोलर पॅनलचा. साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प आहे, आता तर घरोघरी छतावर पॅनल आले. पॅनलवर लिहिलेली क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते. सिलिकॉनच्या पॅनलची शक्ती त्यापुढं दर अंशाला साधारण ०.४ टक्क्यांनी घटते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी पॅनल ६५ अंशांपर्यंत तापला तर १६ टक्के तिथंच गेले. वर धूळ. ही धूळ कोकणातली किंवा राजस्थानातली नाही, आपल्या काळ्या मातीची, आणि पहिल्या वळवाच्या शिंतोड्यानं ती पॅनलवर लिंपून बसते. किती नुकसान होतं, किती दिवसांनी धुणं परवडतं, पाण्याशिवाय पुसता येतं का, याची खान्देशातली आकडेवारी आम्हाला हवी होती.

पहिल्या बॅचनं फक्त मोजमापाची मांडणी केली. बाकी काही नाही. त्यांना वाईट वाटलं, कारण दाखवायला मॉडेल नव्हतं. बाहेरच्या परीक्षकानंही नाक मुरडलं. दुसऱ्या बॅचनं त्याच मांडणीवर वर्षभर नोंदी घेतल्या. तिसऱ्यांनी त्या नोंदींवरून धुण्याचं वेळापत्रक काढलं. आता चौथी बॅच पुसायचं यंत्र करते आहे आणि त्यांच्याकडे तुलना करायला स्वतःच्या गावची आकडेवारी आहे. एक जाड रजिस्टर आहे, प्रत्येक बॅच त्यात काय चाललं आणि काय बिघडलं ते लिहिते. नवीन मुलांचे पहिले पंधरा दिवस ते रजिस्टर वाचण्यात जातात. पहिल्या बॅचमधला एक मुलगा नुकताच एम.टेक.ला लागला. मुलाखतीत त्याला दुसरं काही विचारलंच नाही म्हणे, त्या मांडणीवरच अर्धा तास गेला.

आमच्या चौघांत पीएचडी एकाचीच होती, आता दोघांची आहे. पुढं एएनआरएफच्या (केंद्राच्या संशोधन निधी संस्थेच्या) टेअर योजनेसाठी अर्ज करायचा आहे. त्यात आपली नोकरी न सोडता वर्षातला काही काळ आयआयटी-एनआयटीसारख्या ठिकाणी जाऊन काम करता येतं, अनुदानही मिळतं. लहान कॉलेजातल्या माणसाला यापेक्षा सोयीची योजना मला माहीत नाही.

अडचणी विचाराल तर एकच मोठी: जर्नल वाचायला मिळत नाहीत. देशभर एकत्र वर्गणी भरून जर्नल वाचायला देणारं वन नेशन वन सबस्क्रिप्शन १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालं, पण ते सरकारी संस्थांसाठी. खाजगी विनाअनुदानित कॉलेजं त्यात नाहीत. ज्यांची नोंदणी शासकीय विद्यापीठात आहे त्यांनी तिथल्या ग्रंथालयात बसून वाचावं, आम्ही तेच करतो.

भुसावळ जंक्शन:
उन्हाळा ४५, हे वाचून बरं वाटलं. मी तिथं असताना असं रजिस्टर असतं तर कदाचित थांबलो असतो. माझी कंपनी ड्रम आणि बेअरिंगची कामं करते. गिरणाकाठ, ड्रमचं ड्रॉइंग तपासून हवं असेल किंवा फेऱ्यांचा वेग, कंपन मोजायचं असेल तर मला कळव. रविवारी वेळ देईन, पैसे नकोत.

मुंबईतला खान्देशी:
शिरपूरचा उल्लेख कोणी केला नाही म्हणून करतो, कारण तो याच विषयाचा भाग आहे. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी शिरपूर तालुक्यात नाले खोल-रुंद करून पाणी जिरवण्याचं जे काम उभं केलं, ते खडकाचा अभ्यास करून केलं. वरची अडवणारी थरं कुठं आहेत आणि पाणी धरणारी कुठं, हे ओळखून. त्या पद्धतीवर तज्ज्ञांत मतभेद आहेत, ते असू देत. पण इथल्या सिव्हिल विभागांसाठी तो आयता प्रश्न आहे: कुठल्या नाल्यात, कुठल्या खडकात, विहिरींची पातळी खरोखर किती आणि किती काळ वाढली? सातपुड्याच्या पायथ्याच्या बझाडा (डोंगरातून वाहून आलेल्या गाळाच्या) पट्ट्यात, रावेर-यावलमध्ये, भूजल खोल चाललंय आणि तापी महाकाय पुनर्भरण योजनेसाठी दोन राज्यांचा २०२५ मध्ये करार झाला आहे. आजची पातळी आज मोजून ठेवली नाही तर योजनेनंतर तुलना कशाशी करणार? हे मोजायला इथलाच माणूस लागेल, आयआयटीतला दर पंधरा दिवसांनी येणार नाही.

गिरणाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज प्राचार्यांशी बोललो. काय ठरलं ते लिहितो.

पीएचडी नोकरी सांभाळूनच करणार. ना-हरकत पत्र पांझरा सरांनी सांगितलेल्या तिन्ही मुद्द्यांसह मागितलं आहे. प्राचार्य म्हणाले, मसुदा तुम्ही द्या, मी संस्थेच्या बैठकीत ठेवतो. क्यूआयपीबद्दलही लेखी विचारलं. बुधवार दुपार सहा जणांसाठी मागितली होती, तिघांसाठी एका सत्रापुरती मिळाली. ते तिघं म्हणजे मी, इलेक्ट्रॉनिक्सचे एक सर आणि केमिस्ट्रीच्या मॅडम. मॅडमना विचारलं तर त्यांच्याकडे डिंक काढण्यावरचं वाचन आधीपासून तयार होतं! विकतच्या पेपरचं वाक्यही बोललो. थोडा वेळ कोणी काही बोललं नाही, मग प्राचार्य म्हणाले, इतिवृत्तात घ्या.

ॲडमिशनच्या कामातून सूट मिळाली नाही. ते पुढच्या वर्षी पुन्हा मागेन.

रावेरचे दादा, तुमच्या चुलतभावांचं शेडातलं यंत्र बघायला आम्ही तिघं येऊ का? फोटो काढून निघून जाणार नाही. ते चालू करून मजुरीचा हिशेब पहिल्यापासून मांडायचा आहे, खोड तोडण्यापासून धागा वाळेपर्यंत प्रत्येक कामाला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून.

रावेरची बाग:
या ना भाऊ. मॅडमले पन आना. पुढच्या सोमवारपासून वरल्या बागेची काढणी सुरू होईल, ती बाग मोडायची आहे, म्हणजे खोड पाहिजे तितकं भेटंल. यंत्राची मोटर जळेल आहे, ती भुसावळवाल्या भाऊईले विचारून कोनती बसवायची ते सांगा, मी आनून ठेवतो. येतांना पायातले बूट धुवून या, आन् दुसऱ्या कोनाच्या बागेतून सरळ माह्या बागेत येऊ नका.

मुंबईतला खान्देशी:
गिरणाकाठ, जाताना वजनकाटा न्या. खोडाचं ताजं वजन, प्रत्येक पापुद्र्याची जागा आणि कोरड्या धाग्याचं वजन पहिल्या दिवसापासून वेगवेगळं लिहा. बाहेरचे आणि आतले पापुद्रे एकत्र होऊ देऊ नका. नमुने प्लॅस्टिकच्या नव्हे, कागदी पिशवीत ठेवा, नाहीतर बुरशी धरेल. नोंदींचा तक्ता कसा करायचा तो मी शनिवारपर्यंत करून इथंच टाकतो, बाकीच्यांनाही वापरता येईल.